आतड्याची कुंडली

माणूस शौचाचा नमुना कशात घालून आणतो, यावरून त्याचं अर्धं चरित्र सांगता येतं. परभणीकडच्या बोरीत माझी रक्त-लघवी तपासायची खोली आहे. खोलीच म्हणतो, ‘डायग्नोस्टिक सेंटर’ म्हणायचं तर आधी भिंतीला रंग द्यावा लागेल. या खोलीत अठ्ठावीस वर्षांत मी नमुने पाहिले ते काडीपेटीतून, चुन्याच्या डबीतून, बामच्या बाटलीतून, कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीतून आणि एकदा चक्क पेढ्याच्या खोक्यातून. खोकं टेबलावर ठेवत गृहस्थ म्हणाले, ‘‘घ्या साहेब,’’ आणि माझ्या मदतनीस पोरानं भाबडेपणानं हात पुढं केला. तो पोरगा नंतर टिकला नाही. मी झाकणाची स्वच्छ डबी फुकट देतो. ती घरी जाते, तिच्यात कुंकू भरलं जातं आणि दुसऱ्या दिवशी नमुना पुन्हा चुन्याच्याच डबीतून येतो.

सांगायचा मुद्दा, या विषयात मला नाक मुरडायची सवय राहिलेली नाही. म्हणून मागच्या हुरड्याला पुण्याहून आलेल्या एका सद्गृहस्थांनी शेतात बाजेवर बसून ‘‘मी मायक्रोबायोम केलं,’’ असं जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांत आधी कान टवकारले ते मी. पूर्वी माणसं चारधाम करायची, आता मायक्रोबायोम, म्हणजे आतड्यातल्या जंतूंची मोजदाद, करतात. दोन्हींत पैसे जातात, पोट बिघडतं आणि आल्यावर चार लोकांना सांगावं लागतं.

गृहस्थ मूळचे बोरीचेच. मराठी शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचे. तेव्हा परसाकडं जायची परवानगी दर तासाला मागायचे, म्हणजे विषयाची आवड जुनी. आता बाणेरला असतात. त्यांनी मोबाइलवर मागवलेला संच घरी आला, त्यात कापसाची काडी आणि औषधी पाण्याची नळी होती. काडी जिथं लावायची तिथं लावून त्यांनी ती नळीत बुडवली आणि कुरिअरनं पाठवून दिली. महिन्याभरानं गुळगुळीत कागदाचा बेचाळीस पानांचा अहवाल हजर. माझा अहवाल अर्ध्या पानाचा असतो आणि लोक म्हणतात, एवढ्याचे एवढे पैसे?

मी तो अहवाल शेकोटीच्या उजेडात वाचला. काय त्याचा थाट! पहिल्या पानावर सोन्याच्या वर्तुळात आतड्याला 62 गुण. कशापैकी, तर शंभरपैकी. पेपर कुणी काढला, तपासला कुणी, उत्तीर्ण व्हायला किती लागतात, काही पत्ता नाही. पुढं हिरवे, पिवळे, तांबडे गोल. अमुक जंतू कमी, तमुक जास्त, अमक्याची दृष्टी वक्री. ‘मेगास्फेरा’ नावाच्या जंतूपुढं तांबडा गोल आणि ‘लक्ष द्या’. ‘ग्लूटेनची संवेदनशीलता’ मध्यम ते उच्च. शेवटच्या पानावर शांत. म्हणजे उपाय हो. तीन महिने घ्यायच्या कॅप्सूल, आणि त्या विकणारी मंडळी कोण? ज्यांनी अहवाल दिला तीच. आमच्याकडचा जोशीबुवा निदान पुष्कराज घ्यायला दुसऱ्या दुकानात पाठवायचा.

‘‘मला थोडं सिलिॲकच आहे म्हण ना,’’ गृहस्थ म्हणाले. साप चावला पण थोडाच, असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. ‘‘गहू म्हणजे विष आहे, विष! मी वर्षभरात पोळीला हात लावला नाही.’’ हे सांगताना त्यांच्या हातात थंडगार बिअर होती. बिअर कशाची करतात? जवाची. जवात काय असतं? ग्लूटेन. मी हे अत्यंत नम्रपणे निदर्शनास आणून दिलं. ते म्हणाले, ‘‘आज चीट डे आहे.’’ म्हणजे आतड्यालाही रविवारची सुट्टी असते तर! मी हुरड्याची मूठ तोंडात टाकली आणि गप्प बसलो. तोंड रिकामं असतं तर मैत्री तुटली असती.

गप्प बसलो त्याला दुसरंही कारण होतं. त्या रात्री मला एक चुन्याची डबी आठवत होती.

नऊ वर्षांची पोर. गाव सांगत नाही, बोरीपासून फार लांब नाही. पोट पुढं आलेलं, हातपायाच्या काड्या, उंची धाकट्या भावाएवढी. हिमोग्लोबिन 6.4. आई म्हणाली, ‘‘खाती तर लई, मामा, पर अंगाला लागंना.’’ हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे जंताची गोळी. पोरीला ती इतक्या वेळा दिलेली होती की जंतांनीच कंटाळून गाव सोडलं असावं. मग टॉनिक झालं, ताईत झाला, दृष्ट काढून झाली. दृष्ट बहुधा शेजारणीची. शेजारणीच्या डोळ्यात एवढी ताकद असती तर तिनं आधी सासूला पाहिलं नसतं?

मी काचपट्टी केली. साधं मिठाचं पाणी, मग आयोडीन. अंडी नाहीत, अमिबा नाही. बाकी नमुना मात्र फिकट, चमकदार, खळीसारखा, आणि वास असा की मलासुद्धा खिडकी उघडावी लागली. मग सुदान थ्री नावाचा रंग टाकला. हा रंग चरबीला धरतो. भिंगाखाली बघतो तर नारिंगी थेंबच थेंब, दिवाळीत आकाशकंदील लागावेत तसे. पोरीनं खाल्लेलं तेल-तूप जसंच्या तसं बाहेर पडत होतं. मी डॉक्टर नाही. पाटीवर तसं लिहिलेलंही नाही, आणि आमच्या रस्त्याला हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. पण चिठ्ठीवर ‘चरबी भरपूर’ असं लिहून दोनदा अधोरेखित केलं आणि बापाला म्हटलं, परभणीला पोरांचे डॉक्टर गाठा, अन् तोवर गहू सोडू नका.

शेवटचं वाक्य ऐकून लोक बुचकळ्यात पडतात. गव्हाचा संशय आणि गहू सोडू नका? तर होय. सिलिॲकमध्ये गहू, जव आणि रायमधल्या ग्लूटेनमुळं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उठतं. रक्तात जी प्रतिद्रव्यं शोधायची ती हा दंगा चालू असेपर्यंतच नीट दिसतात. आधीच गहू बंद केला तर दंगेखोर घरी जातात आणि पंचनाम्यात ‘सर्वत्र शांतता’ लागते. बाणेरच्या गृहस्थांनी वर्षभर गहू सोडून मग आतड्याची चौकशी लावली. चोर जाऊन वर्ष झालं, आता कुत्रं बांधा.

पोरीचं रक्त परभणीहून पुढं गेलं, उत्तर आलं. मग छत्रपती संभाजीनगरला दुर्बीण झाली, तुकडा तपासला. लहान आतड्याच्या आत बारीक बारीक लव असते, तिच्यावर अन्न शोषलं जातं. पोरीच्या आतड्यात ती लव रानडुकरं लोळून गेलेल्या ज्वारीसारखी आडवी झाली होती. डोळ्यांची दृष्ट नव्हे, पोळीची.

ज्या प्रतिद्रव्यांवर ती रक्ततपासणी उभी आहे, त्यांचं नेमकं लक्ष्य 1997 साली बर्लिनच्या संशोधकांनी शोधलं. जगात जर्मनी. आणि भारतात परभणी? परभणीत त्याच साली, त्याच्या आधी आणि नंतरही, जंताची गोळी.

आता ज्यांना या विषयाचं नाव काढलं तरी ‘शी!’ येते त्यांच्यासाठी थोडा इतिहास, जेवणानंतर वाचावा. सॅम्युअल गी नावाच्या लंडनच्या डॉक्टरनं 1888 साली या रोगाचं पहिलं धड वर्णन छापलं. तो सुरुवात कुठून करतो? रोगाची खूण मळात सापडते, इथूनच. फिका, ढीगभर, फेसाळ, दुर्गंधी. बरं व्हायचं असेल तर ते आहारानंच होईल, हेही त्याला कळलं होतं. फक्त कुठल्या आहारानं ते कळलं नव्हतं. एका पोराला तो रोज डच शिंपले खाऊ घालून पाहतो, पोरगं धष्टपुष्ट होतं, शिंपल्यांचा हंगाम संपतो आणि पोरगं पुन्हा खंगतं. शिंपल्यात जादू नव्हती हो. शिंपल्यानं पोट भरलेलं पोर तितका पाव खात नव्हतं, एवढंच असणार.

मग दुसरं महायुद्ध. 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना. लोक वाळत होते आणि विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाची सिलिॲकची पोरं मात्र सुधारत होती. पाव परत आला, पोरं पुन्हा आजारी. गव्हावर डिकेंचा संशय आधीपासून होता, पण संशयावर कोर्ट चालत नाही. पुरावा कसा मिळाला ठाऊक आहे? वान डी कामर नावाच्या त्यांच्या सहकाऱ्यानं शौचातली चरबी मोजायची पद्धत बसवली, 1949 साली छापली. गहू दिला की चरबी वर, गहू काढला की खाली. म्हणजे गव्हावरचा गुन्हा शाबीत झाला तो संडासातल्या साक्षीवर. नीट मोजणाऱ्या माणसानं, एक नेमका प्रश्न धरून, डबीत नाक घातलं म्हणून.

आणि आपण? ‘आमच्याकडं हे सगळं आधीच होतं,’ हे वाक्य आता कुणीतरी म्हणेलच. होतं ना! ‘योगरत्नाकरा’तल्या अष्टविध परीक्षेत नाडी, मूत्र यांच्यामागं तिसरा नंबर मळाचा. चरकांनी ग्रहणीच्या अध्यायात मळ पाण्यात बुडतो की तरंगतो हे पाहायला सांगितलं. म्हणजे ते निदान बघत होते. या रोगात तो बरेचदा तरंगतो आणि तरंगलेला म्हणजे चांगला असा जुना हिशेब इथं उलटा पडतो, हा भाग वेगळा. बघणाराच हिशेब दुरुस्त करू शकतो. पूर्वजांच्या परीक्षेचा अभिमान बाळगायचा आणि नमुना मात्र नोकराच्या हाती, वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवायचा, याला काय म्हणावं? पोट साफ झालं का, हा प्रश्न महाराष्ट्रात नमस्काराच्या जागी विचारतात. उत्तर कुणाला बघायचं नसतं.

बरं, जंतू मग खोटे का? अजिबात नाही. इथंच तर गंमत आहे, आणि ती बेचाळीस पानांत कुठंही नव्हती.

दिल्लीचं एम्स आणि पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र यांनी मिळून हेच काम केलंय. निबंध 2019 साली प्रसिद्ध झाला. एम्सकडून गोविंद मखारिया, पुण्याकडून जंतुशास्त्रज्ञ योगेश शौचे. होय, शौचे. हसून घ्या, त्यांचं हसून केव्हाच झालं असेल. त्यांनी सिलिॲकचे उपचार सुरू न झालेले रुग्ण घेतले, रुग्णांचे सख्खे नातेवाईक घेतले आणि तुलनेला तिसरी माणसं घेतली. सगळी मिळून शंभरही नव्हती. नातेवाईक का? जंतू बदलले म्हणून रोग झाला की रोग झाला म्हणून जंतू बदलले, हा खरा पेच आहे. नातेवाइकांत जनुकांचा धोका असतो पण रोग अजून नसतो, म्हणजे चोरी व्हायच्या आधीचं घर पाहायला मिळतं. किती साधी, किती हुशार युक्ती!

शौचाचे नमुने तर घेतलेच, पण लहान आतड्याच्या सुरुवातीचा तुकडाही घेतला. निष्कर्ष? जंतूंची एकूण विविधता तिन्ही गटांत ठळक वेगळी नाहीच. फरक दिसले ते ठरावीक जंतूंत, आणि शौचापेक्षा आतड्याच्या तुकड्यात जास्त. शौचातल्या जंतूंची ग्लूटेन फोडायची ताकद रुग्णांमध्ये कमी असावी, असा अंदाज निघाला. अंदाज, कारण तो जनुकांवरून बांधलेला आहे, फोडताना कुणी पाहिलेलं नाही. आणि शेवटी, अजून अभ्यास हवा. संपलं. वर्तुळ नाही, 62 गुण नाहीत, कॅप्सूल नाही. खऱ्या विद्वानाला विकता येईल असं एक वाक्य लिहिता येत नाही, ही जुनी खोड आहे.

तुकड्यात जास्त आणि शौचात कमी का, हे कळायला बोरीच्या माणसाला दुर्बीण लागत नाही. जायकवाडीचा डावा कालवा परभणीकडं येतो. टेलच्या चारीला उभं राहून पाण्याचा रंग बघायचा आणि पैठणला दाराजवळ कुणी काय मिसळलं ते सांगायचं, अशातला हा प्रकार. सिलिॲकची मारामारी लहान आतड्याच्या तोंडाशी चालते. नमुना मिळतो तो त्याच्या खाली वीसेक फूट लहान आतडं, मग मोठं आतडं ओलांडून, जिथं वस्तीच वेगळी, वतनदारच वेगळे. टेलवरून काहीच कळत नाही असं नाही. पाणी आलंच नाही, हे तर टेलवाल्यालाच आधी कळतं. माझ्या नारिंगी थेंबांनी तेवढंच सांगितलं होतं: वर कुठंतरी शोषलं जात नाही. कुणी शोषू दिलं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी त्यांच्या तोंडी घातलं नाही.

आणि मेगास्फेरा! गृहस्थांच्या अहवालातला तो तांबडा गोल. पुण्याच्याच संशोधकांनी 2016 साली दाखवलं होतं की भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा हे दोन जंतू परदेशी माणसांपेक्षा भरपूर असतात. आपले घरचेच ते. मग बाणेरच्या आतड्यात मेगास्फेरा जास्त, म्हणजे कुणापेक्षा जास्त? मोजपट्टी साहेबाची असली की आमचा सर्वसाधारण माणूस बुटका ठरतो, तसंच हे. आता पुढची गंमत ऐका. 2019च्या निबंधात सिलिॲकच्या रुग्णांच्या लहान आतड्यात नातेवाइकांच्या मानानं जास्त सापडलेल्या जंतूंत हाच मेगास्फेरा होता! म्हणजे घरचाही तोच, संशयितही तोच. शौचात असणं वेगळं, लहान आतड्याच्या तोंडाशी असणं वेगळं. खालच्या आळीतला माणूस वरच्या आळीत रात्री दिसला तर चौकशी होते. स्वतःच्या ओट्यावर बसल्याबद्दल कुणी पकडत नाही. हे सगळं त्या तांबड्या गोलात मावलं असतं का?

त्यात या तपासणीचा हात किती लांब पोचतो तेही बघा. जंतूचं एक ठरावीक जनुक असतं, दीडेक हजार अक्षरांचं. बऱ्याचदा त्यातली अडीचशेच्या आसपास अक्षरं वाचतात आणि त्यावरून नाव ठरवतात. ‘देश’ एवढंच वाचून देशमुख की देशपांडे ते ओळखायचं. मराठवाड्यात या चुकीवरून कोर्टात दावे झालेत. शिवाय मिळते ती टक्केवारी. दुसऱ्या उमेदवाराची मतं घटली की तुमची टक्केवारी वाढते, तुम्हाला एक मत जास्त पडलेलं नसलं तरी. ग्रामपंचायतीच्या निकालाला हे बोरीतल्या शेंबड्या पोराला कळतं. शरीरात सुमारे 38 लाख कोटी जंतू, त्यातले कापसाच्या काडीला लागले तेवढे कुरिअरनं गेले, आणि त्यांनी मोठ्या गंभीरपणे सांगितलं, ‘बेकरीचे पदार्थ टाळा’. हे माझी आजी जंतूंना न विचारता सांगायची.

पोरीचं काय झालं, ते अहवालवाल्यांना ऐकवायला हवं. या रोगावर आज एकच उपचार आहे: ग्लूटेन बंद, जन्मभर. कॅप्सूल नाही, लस नाही, चीट डे नाही. इटलीतल्या संशोधकांनी 2007 साली दाखवलं की रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक. चिमूट. तेवढी आपल्या चक्कीच्या दगडाला चिकटलेली असते.

म्हणजे पोरीला ज्वारी द्या, असं म्हणून डॉक्टर मोकळे झाले आणि बाप हरकला. ज्वारी! ती तर आपलीच! परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी मोती’ नावाचं वाण काढलेला हा मुलूख. पण घरात ज्वारी होती कुठं? रानात सोयाबीन, पिशवीत रेशनचा गहू. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलो लिहिलेलं होतं; पोत्यातून बहुतेक वेळा उतरायचं ते गहू-तांदूळ. आणि पाहुण्यापुढं भाकर ठेवली तर इज्जत जाते, हे आम्ही एका पिढीत ठरवून टाकलं. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारताची तुलना करणारी पाहणी 2016 साली छापून आली. धोक्याची जनुकं तिन्हीकडं साधारण सारखी, पण सिलिॲक उत्तरेत शंभरात 1.23, दक्षिणेत 0.10. गहू उत्तरेत माणशी दिवसाला 455 ग्रॅम, दक्षिणेत 25. आम्ही या दोन आकड्यांच्या मधोमध पाट टाकून बसलोय आणि पोळीला ‘प्रगती’ म्हणतोय.

ज्वारी आणली. पहिल्याच आठवड्यात पोरीचं पोट पुन्हा बिघडलं. बाप माझ्याकडं आला, डोळ्यात पाणी. मी त्याच्याबरोबर गिरणीत गेलो. डब्यांची रांग, गहू-गहू-ज्वारी-गहू-डाळ. गिरणीवाला देवमाणूस, गव्हाच्या मागोमाग ज्वारी टाकतो आणि फडक्यानं तोंड पुसतो. चक्कीचं नव्हे, स्वतःचं. तो म्हणाला, ‘‘एवढुशा पिठानं काय व्हतंय, सर?’’ शेवटी आजीनं तुळशीमागं पडलेलं जातं घरात घेतलं. ‘‘मह्या नशिबात म्हातारपणी पुन्हा जातंच,’’ असं दिवसातून चारदा म्हणते आणि दळते. मग सापडला हिंग. डबीतल्या बांधानी हिंगात कणीक असते, हे आजीला पटेना. तिनं हिंगाची बाजू घेऊन माझ्याशी भांडण केलं. मग येसर. मग शेवया. आणि मग सत्यनारायण.

प्रसादाचा शिरा रव्याचा असतो. पोरगी म्हणाली, नको. नऊ वर्षांच्या पोरीनं पूजेत उभं राहून ‘नको’ म्हणायला किती छाती लागते, ते तुम्ही बोरीत राहून पाहा. म्हातारी माणसं म्हणाली, ‘‘देवाच्या घासानं कुणाला बाधत नसतं गं.’’ बाधलं. चार दिवस. देवाला दोष नको. रवा देवानं आणला नव्हता, किराणा दुकानातून आला होता. बाणेरचा गृहस्थ लग्नात ‘नो ग्लूटेन’ म्हणतो तेव्हा आचारी वाकून वेगळं ताट आणतो. ही म्हणते तेव्हा ‘लाडावली पोरगी’.

त्याच ज्वारीची 2023 साली वरात निघाली. भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष, आणि ज्वारीला ‘श्रीअन्न’ ही पदवी. मी एका कार्यक्रमाला गेलो होतो, कुठल्या ते विचारू नका. फलकावर कणसं, स्टेजवर फेटे, आणि पाहुण्यांना ज्वारीची बिस्किटं. मी आचाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं. ‘‘अर्धा मैदा घातलाय, नाहीतर तुटतात.’’ अन्नसुरक्षेच्या नियमात ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणायला किलोमागं 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. श्री लावला की बहुधा माफ असते.

परवा गृहस्थांचा फोन आला. आवाजात नवा उत्साह. म्हणाले, आपल्या गावाकडची आतडी म्हणजे खजिना आहे. ज्वारी, ताक, माती, शुद्ध हवा. शहरी माणसाचे जंतू मेलेत. त्यांच्या ओळखीची एक मंडळी अस्सल ग्रामीण जंतूंच्या कॅप्सूल काढायच्या विचारात आहे. ‘‘तुझी लॅब आहेच. तू फक्त बोरीतून नमुने गोळा करून द्यायचे. डबीमागं पैसे देतील.’’

मी म्हटलं, ज्वारी खाणारी आतडी बोरीत आता शोधावी लागतील, गव्हाची चालतील का? ते म्हणाले, ‘‘पाकिटावर ज्वारीचं चित्र असेल, तू काळजी करू नको.’’

मला वेशीवरची पाटी आठवली. 2018 साली सरकारनं राज्याचा सगळा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर केला. त्याच्या आधी पहाटे शिट्ट्या फुंकत गुड मॉर्निंग पथक फिरायचं, टमरेलासकट माणूस पकडायचं, गुलाबाचं फूल द्यायचं नाहीतर दंड करायचं. ज्या मालासाठी आमच्या माणसांनी लपतछपत दंड भरला, तो आता बाणेरला डबीमागं पैसे देऊन हवा होता.

‘‘बोल, किती डब्या जमतील महिन्याला?’’

म्हटलं, थांब, पथकातल्या जुन्या लोकांना विचारून सांगतो. कोण कुठं बसतं, त्यांना तोंडपाठ आहे.